८७ डेसिबल, ४ ओहमचे स्पीकर: १० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प चालेल की २०० वॉटचाच घ्यावा?

तुमची खोली ५ बाय ४ मीटरची, बसण्याची जागा स्पीकरपासून ३ मीटरवर, आणि मनात भरलेले फ्लोअरस्टँडिंग स्पीकर ८७ डेसिबल, ४ ओहमचे. त्यांना १० वॉटचा सिंगल-एंडेड ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर चालणारा, कमी शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर) पुरेल का, की विक्रेता म्हणतो तसा २०० वॉटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प लागेल, हा तुमचा प्रश्न. शिवाय ‘उबदार’ (खालचे सूर भरीव) स्पीकरला ‘तेज’ (वरचे सूर ठळक) अ‍ॅम्प लावावा, यात तथ्य किती तेही विचारलंय.

या जोडीत ट्यूब अ‍ॅम्प घेऊ नका. पण वॉट कमी पडतात हे त्याचं दुसरं कारण आहे. पहिलं वेगळंच आहे, त्याकडे येतो.

आधी वॉटचा हिशेब. ८७ डेसिबल हा आकडा, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला स्पीकर किती मोठा वाजतो ते, २.८३ व्होल्टला, १ मीटरवर मोजलेला असतो. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहममध्ये १ वॉट, पण ४ ओहममध्ये २ वॉट. म्हणजे तुमचे स्पीकर वॉटमागे खरे ८४ डेसिबलचेच. माहितीपत्रकात ही गोष्ट सहसा कोणी ठळकपणे सांगत नाही. ३ मीटर अंतरामुळे बंद खोलीत ढोबळमानाने ६ डेसिबल जातात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. तेव्हा प्रत्येकी २ वॉट दिले की तुमच्या खुर्चीत साधारण ८४ डेसिबल. निवांत ऐकताना सरासरी ७५ डेसिबल धरा: त्याला लागतो फक्त पाव वॉट! मात्र चांगल्या ध्वनिमुद्रणात तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा कल्लोळ सरासरीच्या २० डेसिबल वर उसळी मारू शकतो. २० डेसिबल म्हणजे शंभर पट, म्हणजे २५ वॉट. आणि तुम्ही ८५ डेसिबलवर ऐकणारे असाल तर तीच उसळी २५० वॉट मागते. म्हणून ‘किती वॉट लागतील’ याचं उत्तर स्पीकरपेक्षा तुमच्या आवाजाच्या बटणावर जास्त अवलंबून आहे. विक्रेता अगदीच थापा मारत नाही, एवढं मान्य करायला हवं.

आता पहिलं कारण. ‘४ ओहम’ हा नुसता नावापुरता आकडा आहे. प्रत्यक्षात इम्पिडन्स, म्हणजे स्पीकर करंटला करतो तो विरोध, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो. अशा स्पीकरचा आलेख १०० हर्ट्झच्या आसपास ३ ओहमपर्यंत उतरून क्रॉसओव्हरपाशी (जिथे जाड सुरांचा वूफर थांबून बारीक सुरांचा ट्वीटर सुरू होतो) २० ओहमपर्यंत चढलेला असला, तर त्यात नवल काही नाही. सिंगल-एंडेड ट्यूब अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स २ ओहम असू शकतो. मग ३ ओहमच्या जागी व्होल्टेजचा ३/५ भागच स्पीकरला मिळतो, म्हणजे ४.४ डेसिबलची घट. २० ओहमच्या जागी २०/२२, घट जेमतेम ०.८. दोन्हींत साडेतीन डेसिबलहून जास्त तफावत पडली. म्हणजे स्पीकर बनवणाऱ्याने मेहनतीने सपाट केलेला (सगळे सूर सारख्याच जोरात देणारा) प्रतिसाद तुमच्या अ‍ॅम्पने वाकडा केला. ०.०५ ओहमच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर हीच तफावत ०.१ डेसिबलच्या घरात राहते, कानाला कळतही नाही. अ‍ॅम्पचा ‘उबदारपणा’ बऱ्याचदा एवढाच असतो. तो एखाद्या स्पीकरवर गोड लागेल, दुसऱ्यावर घुमेल. म्हणून उबदार-तेज अशा कुंडल्या जुळवण्यापेक्षा इम्पिडन्सचा आलेख बघा. स्टिरिओफाइलसारखी मासिकं तो स्वतः मोजून छापतात.

ट्यूब अ‍ॅम्प वाईट असं मी म्हणत नाही. १९४६ पासून बनत असलेला क्लिप्शहॉर्न स्पीकर घ्या, कंपनीच्या आकड्यानुसार सुमारे १०५ डेसिबल. त्याला १० वॉट म्हणजे चैन. उलट बीबीसीने १९७० च्या दशकात घडवलेला चिमुकला एलएस३/५ए कसाबसा ८२-८३ डेसिबलचा. तेवढाच आवाज काढायला त्याला शंभर-दीडशे पट शक्ती लागते, पण मूळचा १५ ओहमचा असल्यामुळे करंट तो फारसा मागत नाही. आणि १९८० च्या दशकातला अपोजी सिंटिला तर १ ओहमचा, भल्याभल्या अ‍ॅम्पना घाम फोडणारा. तिघांना एकच ‘उत्तम अ‍ॅम्प’ कसा सांगणार?

तुमच्यासाठी अ‍ॅम्प निवडताना ८ ओहम आणि ४ ओहम असे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा, दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असतानाचे. १२५ वॉटचे ४ ओहममध्ये २५० च्या जवळ जात असतील तर पॉवर सप्लाय दणकट आहे. १२५ चे १५० च होत असतील तर करंट तिथेच अडतोय. २५० वॉटच्या उसळीला ३ ओहमवर क्षणभर सुमारे १५ अँपिअर लागतात, तेव्हा हा नुसता कागदी खेळ नाही. क्लास डी (स्विचिंगवर चालणारा, कमी तापणारा अ‍ॅम्प) असला तरी नाक मुरडू नका. आजचे चांगले मॉड्यूल हे काम आरामात करतात, आणि सतत करंट ओढून तापणाऱ्या क्लास ए सारखी खोलीत शेगडी पेटत नाही. डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा इम्पिडन्स भागिले अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स) १०० आहे की १०००, यावर मात्र डोकं शिणवू नका. वूफरच्या कॉइलचा आणि तारेचा रेझिस्टन्स त्याआधीच मधे येतो.

आधी अ‍ॅम्प ठरवून मग त्याला साजेसा स्पीकर शोधणं म्हणजे आधी कळस मग पाया. बजेटचा मोठा वाटा स्पीकरलाच द्या. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांच्या अनेक वर्षांच्या पडद्याआडच्या चाचण्यांत लोकांनी बहुतेक वेळा तेच स्पीकर पसंत केले, ज्यांचा समोरचा प्रतिसाद सपाट आणि बाजूला पसरणारा आवाज एकसंध होता. ऐकायला जाल तेव्हा ओळखीचा एखादा गायकीचा आवाज लावा, खुर्चीतून उठा, बाजूला सरका. सूर पातळ झाला, तंबोऱ्याची जवारी विझली, तर तो स्पीकर घरच्या भिंतींकडेही तसलाच आवाज फेकणार.

खोलीचं गणितही टळत नाही. ५ मीटर लांबीला ३४ हर्ट्झ आणि ४ मीटर रुंदीला ४३ हर्ट्झ घुमणार. खुर्ची बरोबर लांबीच्या मध्यावर ठेवलीत तर ३४ हर्ट्झ जवळपास गायब होईल, मागच्या भिंतीला टेकवलीत तर तोच अंगावर येईल. वूफर मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. इक्वलायझरने उंचवटे कापा, पण खड्डे भरायला जाऊ नका. १० डेसिबल चढवायचे म्हणजे त्या पट्ट्यात दहा पट वॉट, आणि खड्डा तरीही पुरता भरत नाही.

दोन ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प घरी आणून ताडून बघता आले तर पातळी आधी जुळवा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमी ‘जास्त उघडा’ वाटतो. स्पीकर जोडलेला असताना १०० हर्ट्झचा टोन लावा, त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही अ‍ॅम्प एका टक्क्याच्या आत आणा. मग कोणता चालू आहे ते दुसऱ्या कुणाला तरी बदलू द्या, तुम्हाला न सांगता.