बारावीनंतर बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करू की आधी बीए करून मग एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स)? घरचे म्हणतात समाजसेवेने पोट भरत नाही

मी पुण्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे. सायकॉलॉजीत बीए आणि मग एमएसडब्ल्यू केलंय, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकणार हे धरूनच वाच. बारावी झालीयेस म्हणून एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट म्हणजे एमएसडब्ल्यू काही टळत नाही. नुसत्या बीएसडब्ल्यूवर एनजीओत फील्ड वर्कर, कम्युनिटी ऑर्गनायझर, मुलांच्या हेल्पलाइनसारख्या ठिकाणी काम मिळतं, पण हॉस्पिटल, समुपदेशन, सीएसआर (कंपन्यांचं समाजकार्य) असल्या बहुतेक पोस्टना एमएसडब्ल्यू मागतात. मानसिक आरोग्यात जायचं असेल तर अजूनच लांबचा रस्ता, कारण २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर कोणाला म्हणायचं तेच लिहिलंय, एमएसडब्ल्यू आणि त्यावर दोन वर्षांचं एमफिल. आणि एमएसडब्ल्यूला साधारण कुठल्याही शाखेची पदवी चालते. म्हणजे बीए केलंस म्हणून दार बंद होत नाही आणि बीएसडब्ल्यू केलंस म्हणून पुढची दोन वर्षं वाचतील असंही समजू नकोस.

मग बीएसडब्ल्यू कशाला करायचं? तर फील्डवर्कसाठी, बाकी कशासाठी नाही. केसवर्क (एकेका माणसाबरोबरचं काम), ग्रुपवर्क, कम्युनिटी ऑर्गनायझेशन (वस्तीला एकत्र आणणं) हे सगळं पुस्तकातून वाचता येतं, परीक्षेपुरतं तर गाईडमधूनही होतं. पण आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, शाळेत नाहीतर निरीक्षणगृहात (रिमांड होममध्ये) जायचं, आल्यावर रेकॉर्डिंग (काय घडलं त्याची नोंद) लिहायचं आणि सुपरवायझरसमोर आयसीला (त्या कामावर एकेकाशी होणाऱ्या चर्चेला) बसायचं, ते घरी बसून होत नाही. आमच्याकडे फील्डवर्कच्या प्लेसमेंटला मुलं येतात त्यांची जर्नल्स (नोंदवह्या) मी बघते. पहिल्या महिन्यात हमखास वाक्य असतं, "आजींना समजावले व धीर दिला". मी त्याच्याखाली लाल पेनाने लिहिते, नक्की काय बोललीस, आजी काय म्हणाल्या, त्यावर तू गप्प बसलीस का विषय बदललास? असं कोणीतरी तीन वर्षं मागे लागलं तर तू एमएसडब्ल्यूला जाशील तेव्हा बीएवाल्यांच्या कितीतरी पुढे असशील. आणि कॉलेजात जर्नल फक्त सहीपुरतं असेल, प्लेसमेंट म्हणजे एनजीओच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडणं असेल (अशी कॉलेजं आहेत बरं का), तर त्यापेक्षा सायकॉलॉजी नाहीतर सोशिओलॉजी नीट शिकून ये.

मुंबईत निर्मला निकेतन १९५५ पासून आहे आणि तिथे बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू दोन्ही आहे. टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे टिस, त्याहून जुनी, १९३६ ची, आणि त्यांचा तुळजापूरचा कॅम्पस ग्रामीण भागात काम करायचं असेल तर आवर्जून बघावा असा. नागपूरकडची असशील तर मातृसेवा संघाचं कॉलेज आहे. घर सोडता येत नसेल तर इग्नूचं, म्हणजे मुक्त विद्यापीठाचं, बीएसडब्ल्यू आहे, त्यातही फील्डवर्क असतं, पण सुपरवायझर कसा मिळतो यावर सगळं.

आता कामाचं सांगते, कारण "लोकांना मदत करायची" एवढ्यावर येणारी मुलं इथे लवकर कंटाळतात. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यावे लागतात, बॉम्बे हायकोर्टाच्या २००६ च्या योजनेने. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पेशंट आयसीयूत, बायको रडतेय, पिवळं रेशनकार्ड गावी, त्यावर तिचं नाव अजून चढलेलंच नाही, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, बिलिंगवाले दर दोन तासांनी फोन करतात आणि दीर म्हणतो आम्ही घेऊन जातो घरी. इथे धीर द्यायचा असतोच, पण कागद कुठून आणि कोणाकडून आणायचा हे माहीत नसेल तर त्या धीराचा तिला काय उपयोग? कुठला फॉर्म कुठे भरायचा, संजय गांधी निराधार योजनेत कोण बसतं, बाल कल्याण समितीपुढे केस कशी न्यायची हे फील्डवर हिंडल्याशिवाय येत नाही, आणि खरं तर इंटरव्ह्यूतही हेच विचारतात.

पैशाचं म्हणशील तर घरचे अगदीच चूक नाहीत. एनजीओत सुरुवातीचा पगार बँकेतल्या क्लार्कपेक्षा कमीच असतो आणि प्रोजेक्टचं फंडिंग संपलं की नोकरीही संपते. पण सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) अशी पदं आहेत (जाहिरात कधी निघेल ते देव जाणे), मोठ्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर सीएसआरमध्ये बऱ्यापैकी पगाराच्या नोकऱ्या आल्या. घरी हे सगळं कागदावर लिहून दाखव, नुसतं बोलून उपयोग नाही.

ॲडमिशन घ्यायच्या आधी त्या कॉलेजच्या सेकंड इयरच्या दोघा-तिघांना गाठ आणि एवढंच विचार, मागच्या आठवड्यात आयसी झाली का आणि सर किंवा मॅडम तुमच्या फील्डवर शेवटचे कधी आले होते. हसायला लागले तर फॉर्म भरू नकोस.