द्राक्षं युरोपला पाठवायचीत? आधी फवारणीची वही नीट ठेव

भाऊ, निफाड-दिंडोरीकडचा नवा बागायतदार आधी विचारतो, तिकडे आयात शुल्क किती? अरे, शुल्क भरून मोकळं होता येतं. माल अडतो तो फळात उरलेल्या औषधाच्या अंशावर. ज्या औषधाची वेगळी मर्यादा युरोपनं ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधापायी आपले कंटेनर तिथे अडकले, आणि झळ थेट बागायतदाराला बसली.

म्हणून ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, प्लॉटची नोंदणी वेळेत कर. दुकानदार देईल ते औषध मारू नकोस. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी बघ. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, तेही त्यात असतं. तारीख, औषध, मात्रा त्याच संध्याकाळी वहीत उतरव. शेजाऱ्याची फवारणी वाऱ्यानं तुझ्या घडांवर येते आणि तपासणीच्या नमुन्यात सापडते, त्याच्याशी छाटणीआधीच बोलून घे.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारानुसार अशा नियमांना शास्त्रीय आधार लागतो. पण तसा आधार नाही असं वाटलं, तरी ते भांडण सरकारनं लढायचं, त्याला वर्षं जातात. शिवाय सुपरमार्केटवाले मागतात ते चांगल्या शेतीपद्धतीचं ग्लोबल गॅप प्रमाणपत्र खासगी, ते वेगळं काढावं लागतं. त्याची तयारी आत्ताच सुरू कर.