वाचकांचे प्रश्न : घरातून नाहीशी झालेली वृद्धा आणि आपले तर्कवितर्क

एक वृद्ध स्त्री रात्री आपल्या घरात झोपली आणि सकाळी घरात नव्हती, या बातमीनंतर या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. तपास चालू असल्यामुळे त्या कुटुंबातील कोणाविषयीही येथे मत दिलेले नाही. पत्रांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांतील काहींना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या मैत्रिणींच्या गटात सध्या दिवसभर हाच विषय चालू असतो. त्या बाईंच्या जावयाचे वागणे विचित्र आहे, असे बहुतेकींचे मत पडले. तो कॅमेऱ्यासमोर एकदाही रडला नाही, बोलतानाही अडखळला नाही. घरी कामाला येणाऱ्या मुलीवरही काहींचा संशय आहे. आम्ही हे सारे आपसांतच बोलतो. त्याने कोणाचे काय बिघडते?

उत्तर : आपल्या पत्रात त्या बाईंविषयी जवळजवळ काहीच नाही, जे आहे ते जावयाविषयी आणि कामवाल्या मुलीविषयी आहे. हा आपला एकटीचा दोष नाही. नाहीशी झालेली व्यक्ती दिसत नाही आणि मागे राहिलेली माणसे दिसतात, म्हणून चर्चा त्यांच्याभोवतीच फिरू लागते आणि जिचा शोध घ्यायचा ती बाजूला पडते. शोधाला मात्र नेमकी तिचीच माहिती लागते : ती किती चालू शकते, तिला ऐकू किती येते, ती कोणते औषध घेते, चष्म्याशिवाय तिला दिसते का.

जवळच्यांवर संशय घेणे मुळातच चूक आहे, असे मी म्हणणार नाही. पोलीसही चौकशीची सुरुवात घरातूनच करतात. परंतु त्यांच्या हाती फोनच्या नोंदी, वेळांचा मेळ, स्वतंत्र साक्षी असे पडताळून पाहण्याजोगे काही असते. आपल्या हाती फक्त चेहरा असतो, आणि दुःखात माणसाचा चेहरा कसा दिसावा याला काही नियम नाही. ऑस्ट्रेलियात १७ ऑगस्ट १९८० रोजी उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या पर्यटकांच्या तळावरून लिंडी चेंबरलेन यांची दोन महिन्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगो या रानकुत्र्याने तिला नेले, असे आई पहिल्या क्षणापासून सांगत होती. ती पुरेशी रडत नाही, फारच शांतपणे बोलते, यावरून लोकांनी तिला मनोमन दोषी ठरवून टाकले. १९८२ मध्ये न्यायालयाने तिला जन्मठेप दिली. १९८६ मध्ये डिंगोंच्या वावराच्या जागेजवळ बाळाचा अंगरखा सापडला तेव्हा ती सुटली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि मुलीला डिंगोनेच नेले असा अधिकृत निर्णय व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. खटल्यात सदोष शास्त्रीय पुरावाही होता, हे खरे. पण त्या पुराव्यावर लोकांचा चटकन विश्वास बसला, कारण त्यांचे मत आधीच बनलेले होते.

कामवाल्या मुलीबद्दल आपण अगदी सहज लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. १९३२ मध्ये अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल पळवले गेले, तेव्हा लिंडबर्ग यांच्या सासुरवाडीला नोकरीस असलेल्या एका तरुणीवर संशयाची सुई फिरली. तिच्या बोलण्यात विसंगती होत्या आणि तिची वारंवार चौकशी झाली. पुन्हा चौकशीला बोलावले आहे असे कळताच तिने विष घेऊन जीव दिला. तिचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, हे नंतर स्पष्ट झाले. घरातल्या माणसाची बाजू घ्यायला नातेवाईक असतात, वकील असतो. पगारावर काम करणाऱ्याच्या मागे कोणीही नसते, आणि खरा आरोपी पुढे सापडला तरी अशा मुलीला पुन्हा काम द्यायला लोक कचरतात.

“आपसांत” या शब्दावर तर आपण विसंबूच नये. आपल्या गटातील संदेश पुढे पाठवायला एक क्षण पुरतो, आणि पुढच्या गटात पोहोचेपर्यंत “असे वाटते” हे शब्द गळून गेलेले असतात.

प्रश्न : पोलीस काहीच सांगत नाहीत, म्हणून अफवांना ऊत येतो. ते स्पष्ट बोलले, तर लोक तर्क कशाला लढवतील?

उत्तर : आपला आक्षेप निम्मा बरोबर आहे. जो निम्मा पटत नाही, तो आधी घेतो. अपहरणाची शक्यता असेल, तर काही तपशील फक्त पोलिसांना आणि ते कृत्य करणाऱ्यालाच माहीत असणे तपासासाठी फार मोलाचे असते. दार कसे उघडले गेले, कोणती वस्तू हलवलेली होती, चिठ्ठी असल्यास तिच्यात नेमके काय लिहिले होते, हे सारे जाहीर झाले की खरा फोन आणि खोटा फोन यांतील फरक ओळखण्याचे साधनच हातचे जाते. असे खोटे फोन येतातच. लिंडबर्ग प्रकरणात गुन्हा आपण केला असे सांगणारे खोटे कबुलीजबाब दोनशेहून अधिक आले होते, असे सांगितले जाते. गॅस्टन मीन्स नावाच्या भामट्याने तर मूल परत मिळवून देतो असे सांगून एका श्रीमंत बाईंकडून एक लाख डॉलर उकळले. आता आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी संगणकीय साधने कोणालाही मिळतात, त्यामुळे आईचा आवाज फोनवर ऐकू आला तरी तो आईचाच आहे असे मुलांना धरून चालता येत नाही. अशा वेळी जे तिलाच ठाऊक असेल असे काही तिला विचारून खात्री करून घ्यावी लागते, आणि तो प्रश्न व त्याचे उत्तर दोन्ही बाहेर फुटता कामा नयेत.

बरोबर असलेला निम्मा भाग असा, की मौनाची पोकळी सांभाळणे हीदेखील पोलिसांचीच जबाबदारी आहे, आणि ती नेहमीच नीट पार पाडली जात नाही. इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात २७ जानेवारी २०२३ रोजी कुत्र्याला फिरवायला नदीकाठी गेलेली ४५ वर्षांची एक स्त्री बेपत्ता झाली. ती नदीत पडली असावी, हा पोलिसांचा अंदाज सुरुवातीपासून होता. लोकांना तो इतका साधा वाटला की तो पटेना. कॅमेरे घेऊन अनोळखी माणसे त्या खेड्यात शिरली, रिकाम्या घरांभोवती घिरट्या घालू लागली, आणि त्यांना पांगवण्यासाठी पोलिसांना विशेष अधिकार वापरावे लागले. त्या दबावाखाली पोलिसांनी तिच्या प्रकृतीचे आणि मद्यपानाचे अत्यंत खाजगी तपशील उघड केले. १९ फेब्रुवारीला तिचा मृतदेह त्याच नदीत, बेपत्ता झाल्या ठिकाणापासून सुमारे दीड किलोमीटरवर सापडला, आणि अपघाताने बुडून मृत्यू झाल्याचा निर्णय पुढे देण्यात आला. त्याच वर्षी झालेल्या अधिकृत समीक्षेने ते तपशील उघड करणे टाळता येण्याजोगे आणि अनावश्यक होते, असा ठपका ठेवला. पत्रकारांना वेळीच विश्वासात न घेतल्यामुळे अफवांना रान मोकळे मिळाले, असेही तीत म्हटले आहे.

म्हणून पोलिसांनी रोज ठरावीक वेळी, नवे काही नसले तर नवे काही नाही असेच, पण बोलावे, अशी मागणी करणे रास्त आहे. सगळे सांगा, ही मागणी रास्त नाही. आणि सर्व माहिती समोर असती तरी तर्क थांबले असते, असेही मला वाटत नाही. लंडनमध्ये २९ डिसेंबर १९६९ रोजी वृत्तपत्र व्यवसायातील एका अधिकाऱ्याच्या ५५ वर्षांच्या पत्नीला तिच्या घरातून पळवण्यात आले. पळवणाऱ्यांना खरे तर त्या कंपनीचे मालक, वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मरडॉक यांच्या पत्नीला पळवायचे होते. मरडॉक परदेशी असताना कंपनीची गाडी या कुटुंबाकडे होती आणि तिचा माग काढत ते चुकीच्या दारी पोहोचले. घरच्यांचे स्वभाव, भांडणे, मालमत्ता यांचा कितीही कीस काढला असता, तरी त्यातून हे कारण कोणाला सुचले असते? दोघांना शिक्षा झाली, पण त्या बाईंचा देह आजवर सापडलेला नाही.

प्रश्न : माझी आई ७९ वर्षांची असून तिला स्मृतिभ्रंश आहे. गेल्या वर्षी ती पहाटे घरातून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी सापडली. ती सुखरूप आहे, पण त्या दोन दिवसांत “सुनेने हाकलून दिले” अशी बोलणी आजूबाजूला झाली आणि वहिनी अजूनही लोकांत मिसळत नाही. पुन्हा असे घडले तर आम्ही काय करावे?

उत्तर : आई सापडली हे वाचून फार बरे वाटले. आपल्या वहिनींवर जे बेतले ते अनेक घरांत घडते, कारण स्मृतिभ्रंशाचे माणूस कोणी हाकलल्याशिवायच निघून जाते, हे लोकांना ठाऊक नसते. जपानमध्ये २०२३ या एका वर्षात स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या १९,००० हून अधिक व्यक्ती बेपत्ता झाल्याची नोंद पोलिसांकडे झाली. त्या सगळ्या घरांत सुना वाईट होत्या, असे कोणी म्हणणार नाही.

शोध घेणाऱ्यांचा अनुभव असा आहे की अशी व्यक्ती वाट फुटेल तशी पुढे पुढे जाते आणि कशात तरी अडकते तेव्हाच थांबते : झुडूप, चर, कुंपण, भिंतीमागची बोळकांडी. नावाने हाका मारल्या तरी ती बहुधा ओ देत नाही, कारण आपण हरवलो आहोत हेच तिला उमगलेले नसते. ती पुष्कळदा घरापासून फार लांब नसते. म्हणून सर्वांत आधी स्वतःचे घर पुन्हा एकदा, पलंगाखाली आणि अडगळीच्या खोलीत वाकून, बंद मोरीचे दार ढकलून पाहावे. मग जिने, उभी वाहने, आजूबाजूची झुडपे पाहावीत. हाका मारून पुढे जाऊ नये, प्रत्येक जागेत डोकावावे. जुने घर, जुनी नोकरीची जागा, माहेरची वाट यांकडे पाय वळण्याची शक्यता असते. एरवी भानावर असलेली वृद्ध व्यक्ती एकाएकी भ्रमिष्टासारखी वागून निघून गेली असेल, तर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासारखे साधे कारणही त्यामागे असू शकते. सापडल्यावर डॉक्टरांना ते जरूर तपासायला सांगावे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, शरीराला थंडी आणि ऊन दोन्ही सोसत नाही, त्यामुळे वेळेला फार महत्त्व आहे. तक्रारीसाठी २४ तास थांबावे लागते, ही निव्वळ भ्रामक समजूत आहे.

ब्रिटनमध्ये काही पोलीस दले “हर्बर्ट प्रोटोकॉल” नावाचा एक नमुना कुटुंबांकडून आधीच भरून घेतात. स्मृतिभ्रंश झालेल्या जॉर्ज हर्बर्ट या माजी सैनिकाचे नाव त्याला दिलेले आहे. तसा कागद आपण स्वतःही तयार करून ठेवू शकता. त्यात अलीकडचा फोटो, उंची, चालण्याची ढब, औषधे व त्यांच्या वेळा, पूर्वीचे पत्ते आणि ती कोणत्या नावाने हाक मारल्यास वळून पाहते, हे लिहावे. निघून गेल्यावर तिने काय नेले यापेक्षा काय मागे राहिले ते आधी पाहावे. चष्मा, काठी, श्रवणयंत्र आणि नेहमीच्या चपला जागच्या जागी असतील, तर तिला वाहनांचा आवाज नीट येणार नाही आणि ती बहुधा अनवाणी असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर सावकाश चालेल, एवढे तरी शोधणाऱ्यांना कळते.

लोकांशी घरातील एकाच व्यक्तीने बोलावे. जो मजकूर पाठवाल त्यावर तारीख आणि वेळ घालावी, आणि आई सापडताच तसा दुसरा संदेश त्याच सर्व ठिकाणी पाठवावा, म्हणजे तिचा फोटो महिनोन्‌महिने फिरत राहणार नाही. वहिनींच्या बाबतीत मात्र पुढच्या वेळेची वाट पाहू नका. आईची रोजची काळजी त्याच घेतात, ती आजारामुळे निघून गेली होती, हे आपण आणि आपल्या भावाने चारचौघांत, त्यांच्या उपस्थितीत सांगावे. हे स्पष्टीकरण वहिनींना स्वतःला द्यावे लागणे, हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

प्रश्न : अतींद्रिय दृष्टी असलेल्या व्यक्तीची मदत घेण्यात काय हरकत आहे?

उत्तर : घेऊ नये. डिसेंबर १९२६ मध्ये लेखिका अगाथा ख्रिस्ती नाहीशा झाल्या, तेव्हा शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी त्यांचा हातमोजा मृतात्म्यांशी संपर्क साधतो असे सांगणाऱ्या एका व्यक्तीला दाखवला होता. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या, त्या तेथील लोकांनी त्यांना ओळखले म्हणून. आशेवर असलेले कुटुंब अशा माणसांना पैसे देते, आणि शोधपथके भलत्याच दिशेला वळतात.

प्रश्न : मी खरेच काही पाहिले असेल, पण ते महत्त्वाचे आहे की नाही हे कळत नसेल, तर?

उत्तर : तर ते ठरवण्याचे काम पोलिसांवर सोपवावे. कोणाशीही बोलण्याआधी जे पाहिले ते कागदावर लिहून काढावे : वेळ, जागा, दिशा, कपडे. दुसऱ्याची आठवण ऐकली की आपली आठवण नकळत तिच्याशी जुळवून घेते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे. पाहिलेले आणि त्यावरून वाटलेले यांची सरमिसळ करू नये. “साडेपाचला पांढऱ्या केसांची बाई एकटी उताराकडे जात होती” ही माहिती झाली. “ती घाबरलेली वाटली, कोणापासून तरी पळत असावी” हा तर्क झाला, आणि तो विचारल्यासच सांगावा. दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण असेल, तर ते कोणत्याही गटावर टाकू नये. त्यात दिसणारा पादचारी बहुधा कामावर निघालेला कोणी साधा माणूस असतो. मात्र पुष्कळ यंत्रणा जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसून टाकतात, तेव्हा त्या रात्रीचा आणि आदल्या काही दिवसांचा भाग आजच वेगळा साठवून ठेवावा, यंत्रातील घड्याळ किती मिनिटे मागेपुढे आहे ते टिपून घ्यावे, आणि मूळ प्रत तपास अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी.