सरकारी वकील व्हायचंय, पण कोणत्या वाटेने?

प्रश्न : माझी मुलगी अहमदपूरला बारावी कला शाखेत शिकते, मराठी माध्यम. मोठ्या खटल्यांच्या बातम्या पाहून तिने सरकारी वकील व्हायचं ठरवलंय. 'गुन्हेगाराला शिक्षा मिळवून द्यायचीच' असं म्हणते. कोणी सांगतं परीक्षा असते, कोणी सांगतं ओळखीशिवाय हे पद मिळत नाही. तिचं इंग्रजी बेताचं आहे. काय करावं? – एक पालक

उत्तर : नमस्कार. तुम्हाला सांगणारे दोघेही बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या पदांबद्दल बोलतायत. चोरी, मारामारी, फसवणूक असे खटले बहुतेक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात चालतात. तिथे सरकारतर्फे उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता. ही शासनाची पगारी नोकरी आहे आणि भरती एमपीएससीमार्फत होते. खून, बलात्कार, दरोडा ही प्रकरणं सत्र न्यायालयात जातात. तिथल्या सरकारी वकिलाला किमान ७ वर्षांची वकिली लागते. जिल्हादंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करतात आणि तिच्यातून सरकार नेमणूक करतं. इथे कामाची पत बघितली जाते. आणि खोटं कशाला बोलू, सरकार कोणाचं आहे यानेही फरक पडतो. बातम्यांत झळकतात ते बऱ्याचदा तिसरेच, म्हणजे एखाद्या खटल्यापुरते नेमलेले, किमान १० वर्षं वकिली झालेले विशेष सरकारी वकील. कसाबच्या खटल्यात उज्ज्वल निकम होते ते याच नात्याने. तुमच्या लेकीने आधी पहिली वाट धरावी.

पण मला तिच्या त्या वाक्याबद्दल जास्त बोलायचंय. सरकारी वकील हा फिर्यादीचा वकील नसतो आणि पोलिसांचाही नसतो. पूर्वी खालच्या कोर्टांत पोलीस खात्यातलेच अभियोक्ते खटले चालवायचे. महाराष्ट्रातल्याच शहाणे खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोलिसांपासून वेगळं काढून स्वतंत्र खातं करायला सांगितलं. पुढे १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद या निकालात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं, की काहीही करून आरोपीला दोषी ठरवण्याची हाव सरकारी वकिलाने धरू नये. आरोपीच्या बाजूचा कागद हाती असेल तर तोही दडवायचा नाही. दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडात सरकार पक्षानेच खटला नीट चालवला नाही असे ताशेरे ओढून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरसुनावणीसाठी तो महाराष्ट्रात पाठवला. मुंबईत तो पुन्हा उभा राहिला आणि ९ जणांना शिक्षा झाली.

रोजचं काम यापेक्षा पुष्कळ साधं आणि किचकट असतं. सकाळी रिमांड, मग जामीनअर्जांवर सरकारचं म्हणणं द्यायचं, की लगेच साक्षीपुरावा. समजा, मारहाणीचा खटला आहे. फिर्याद, पंचनामा, दवाखान्याचं प्रमाणपत्र, मुद्देमालाची पावती हे सगळं वाचून आधी भोकं शोधायची: काठी जप्त केली त्या पंचनाम्यावरची वेळ आणि आरोपीच्या अटकेची वेळ जुळते का? मग पंच पिंजऱ्यात येतो आणि शांतपणे सांगतो, ''सही माझीच आहे, पण ती पोलीस ठाण्यात घेतली.'' साक्षीदार फितूर झाला. आता कोर्टाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घ्यावा लागतो. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कायद्यानेच ती घ्यायची नसते. त्यामुळे 'मी असं बोललोच नाही' म्हणणं त्याला सोपं जातं. मग जबाबातला नेमका तेवढा भाग त्याला वाचून दाखवायचा आणि पुढे तपासी अंमलदाराच्या साक्षीत तो शाबीत करून घ्यायचा. यात मोठ्या भाषणाला जागाच नाही. एक प्रश्न विसरला की महिन्यांची मेहनत वाया जाते. ज्याला असल्या बारकाव्यांचा कंटाळा येतो त्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्रजीची धास्ती अर्धीच खरी आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मराठी चालते, पंचनामे आणि साक्षी मराठीत असतात, त्यामुळे चांगलं मराठी तिथे खरोखर उपयोगी पडतं. मात्र उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत वाचावे लागतात. रोज दोन पानं वाचायची सवय आत्तापासून लावा. फाडफाड बोलता आलं नाही तरी चालेल.

शिक्षणाचा मार्ग सरळ आहे. कोणत्याही शाखेतून बारावी, एमएच-सीईटीची विधी प्रवेश परीक्षा, कायद्याची पाच वर्षांची पदवी, मग बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि अखिल भारतीय बार परीक्षा. त्यानंतर फौजदारी काम करणाऱ्या ज्येष्ठ वकिलाकडे काही वर्षं राबणं आलंच. एमपीएससी या पदासाठी वकिलीचा अनुभव मागते, तेव्हा नुसती पदवी घेऊन क्लास लावण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे लागू झाले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनं दंडविधानच लागतं. तिच्या पिढीला खुनासाठी जुनं ३०२ आणि नवं १०३ ही दोन्ही कलमं वापरावी लागतील.

तिची बोर्डाची परीक्षा संपली की, कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागण्याआधी, तिला जवळच्या फौजदारी कोर्टात आठवडाभर मागच्या बाकावर बसू द्या. न्यायालयं खुली असतात, इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडून कोणीही बसून ऐकू शकतं. फोन बंद, वही सोबत. एकाच खटल्याच्या सरतपासात, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूने, काय विचारलं, उलटतपासात काय उखडलं, ते तिने लिहून काढावं. आणि ती वही भरताना तिचा वेळ कसा गेला, ते मला तिनेच कळवावं. पुढचं पत्र तुम्ही लिहू नका.