गेटेड कम्युनिटीतील घराला विम्याच्या हप्त्यात खरोखर किती सवलत मिळते?

आपण फ्लोरिडात गेटेड कम्युनिटीमध्ये स्वतंत्र घर घेत आहात, आणि फाटकावर पहारा असल्यामुळे घरविमा बराच स्वस्त पडेल असे विक्री प्रतिनिधीने सांगितले आहे; त्यात कितपत तथ्य आहे, असा आपला प्रश्न आहे. मी फ्लोरिडातच घरविम्याची परवानाधारक एजंट म्हणून काम करते. सवलत असते, हे खरे आहे. ‘बराच स्वस्त’ हे मात्र खरे नाही, आणि त्या भरवशावर घराच्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

याचे कारण हप्ता कसा ठरतो त्यात आहे. घरविम्याचा हप्ता चोरी, आग, पाणीगळती, वादळ अशा वेगवेगळ्या धोक्यांची किंमत जोडून तयार होतो, आणि फ्लोरिडात चक्रीवादळाचा भाग उरलेल्या हप्त्यापासून वेगळा काढलेला असतो. फाटकामुळे कमी होतो तो चोरीचा आणि नासधुशीचा धोका. वाऱ्याला फाटक अडवत नाही. त्यामुळे ही सवलत सहसा चक्रीवादळाखेरीजच्या हप्त्यावरच लागू होते. समजा, वर्षाचा हप्ता 4,000 डॉलर आहे, त्यातील 2,400 डॉलर चक्रीवादळाचे आहेत आणि कंपनी 5 टक्के सवलत देते. ऐकणाऱ्याला 200 डॉलर वाचल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात 1,600 डॉलरवरचे 5 टक्के, म्हणजे 80 डॉलर वाचतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. मात्र कोणीही टक्केवारी सांगितली की ती कोणत्या रकमेवर आहे हे आधी विचारावे.

शिवाय प्रत्येक कंपनी ही सवलत देतेच असे नाही. अमेरिकेत विम्याचे नियमन राज्यांकडे आहे; कंपन्यांना आपली दरपत्रके राज्याच्या विमा नियामकाकडे दाखल करावी लागतात, आणि दरपत्रकात जी सवलत नाही ती एजंटने कितीही मनावर घेतले तरी देता येत नाही. जिथे सवलत आहे तिथेही ‘गेटेड’ म्हणजे काय याची व्याख्या कंपनीगणिक बदलते. काही कंपन्यांना चोवीस तास पहारेकरी हवा असतो, काहींना कार्डाने किंवा कोडने उघडणारे स्वयंचलित फाटक चालते, आणि सर्व प्रवेशद्वारे बंद राहतात का हेही विचारले जाते. नव्या वसाहतीत तर एक वेगळीच अडचण असते: बांधकामाच्या गाड्यांसाठी फाटक दिवसभर उघडे असते आणि पहारेकऱ्याची चौकी रिकामी असते. अशा वेळी अर्जावर ‘चोवीस तास पहारा’ असे लिहू नये. घरमालक संघटनेच्या, म्हणजे एचओएच्या, व्यवस्थापकाकडून प्रवेशव्यवस्था प्रत्यक्षात कशी आहे याचे पत्र घ्यावे आणि अर्जात तेवढेच सांगावे. चुकीची माहिती दाव्याच्या वेळी आपल्याच विरुद्ध जाऊ शकते. पुढे एचओएने खर्च वाचवण्यासाठी रात्रीचा पहारा बंद केला, तर तेही कंपनीला कळवावे.

चोरीच्या बाजूने अधिक काही मिळवायचे असेल तर घरातील अलार्मकडे पाहावे. चोरीची आणि आगीची सूचना थेट देखरेख केंद्राला जाणारी यंत्रणा असेल, तर अनेक कंपन्या त्याची स्वतंत्र सवलत देतात, आणि त्यासाठी अलार्म कंपनीचे प्रमाणपत्र मागतात. फाटक हे साऱ्या वसाहतीचे असते, अलार्म आपल्या घराचा असतो, म्हणून विमा कंपनीलाही त्याची खात्री करणे सोपे जाते.

खरा पैसा मात्र छपरात आहे. वादळाचे नुकसान कमी करणाऱ्या बांधकामासाठी सवलत देणे फ्लोरिडाच्या कायद्यानुसार कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि ती हप्त्याच्या त्या मोठ्या, वाऱ्याच्या भागावर मिळते. त्यासाठी अधिकृत निरीक्षकाकडून ‘विंड मिटिगेशन’ तपासणी करून घ्यावी लागते. छपराचा आकार, छपराच्या फळ्या कशा ठोकल्या आहेत, छप्पर भिंतींना कोणत्या पट्ट्यांनी बांधले आहे, खिडक्या-दारांना शटर किंवा आघातरोधक काच आहे का, या गोष्टी तो फोटोंसह नोंदवतो. घरात मोठा बदल झाला नाही, तर हा अहवाल पाच वर्षांपर्यंत चालतो. चारही बाजूंनी उतरते असलेले छप्पर वाऱ्यात अधिक टिकते, म्हणून त्याला अधिक सवलत असते. 2002 पासून लागू झालेल्या फ्लोरिडा बिल्डिंग कोडनुसार बांधलेल्या घरालाही त्याचा फायदा मिळतो. मी ग्राहकांना नेहमी सांगते की फाटकाची चौकशी एका वाक्यात उरकावी आणि उरलेला वेळ या अहवालावर घालवावा.

पुराचे नुकसान साध्या घरविम्यात येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी असते. केंद्र सरकारच्या पूरविम्यात वस्तीच्या नावावर 5 ते 45 टक्के सवलत मिळू शकते, पण ती आपल्या शहराने किंवा काउंटीने पूरनियंत्रणासाठी केलेल्या कामावरून ठरते; फाटकाचा तिच्याशी संबंध नाही.

शेवटी एक गोष्ट, जी विक्री प्रतिनिधी सहसा सांगत नाही. गेटेड कम्युनिटीतील फाटक, कुंपणाची भिंत, क्लबहाऊस हे सारे सहसा एचओएच्या मालकीचे असते, आणि बहुधा आतील रस्तेही. वादळात ते मोडले आणि एचओएचा स्वतःचा विमा अपुरा पडला, तर उरलेला खर्च सर्व घरमालकांवर वाटला जाऊ शकतो. अशा वेळी आपल्या पॉलिसीतील ‘लॉस असेसमेंट’ हे कलम कामाला येते, पण नेहमीच्या पॉलिसीत त्याची मर्यादा बहुतेकदा अवघी 1,000 डॉलर असते. थोडा जास्त हप्ता देऊन ती वाढवता येते आणि ती वाढवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एचओएच्या डिडक्टिबलमुळे, म्हणजे नुकसानीचा जो पहिला भाग विमा कंपनी न देता विमाधारकाने सोसायचा असतो त्यामुळे, आपल्यावर आलेला वाटा या कलमात कितपत बसतो, हेही पॉलिसीच्या मजकुरात तपासावे, कारण तिथे अनेकदा वेगळी, कमी मर्यादा असते. खरेदीची कागदपत्रे पूर्ण होण्याआधी एचओएच्या विम्याची प्रत मागून घ्यावी, तिच्यातील चक्रीवादळाचे डिडक्टिबल किती आहे ते पाहावे, ते एकूण घरांत विभागून आपल्या वाट्याला किती येईल याचा अंदाज काढावा आणि त्यानुसार आपली मर्यादा ठरवावी.