आठही सण एकदम अंगावर घेऊ नका

स्वागत! पेगन, म्हणजे युरोपातल्या जुन्या निसर्गपूजक परंपरांवर बेतलेल्या, ऋतुचक्राचे आठही सण पहिल्याच वर्षी करायचं म्हणताय. उत्साह छान आहे, पण सध्या चारच धरा: दोन अयनदिन (वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस), दोन संपात (दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात ते). बाकीचे चार मुळात आयर्लंडकडच्या शेतीचे आणि गुराढोरांचे. त्यातला लुनासा १ ऑगस्टला, तेव्हा तिथे कापणी सुरू होते. आपल्याकडे भातलावणी नुकती उरकत असते.

नवी माणसं हमखास चुकतात ती इथेच. तारीख पाळतात, ऋतू बघत नाहीत. लंडनला जूनचा दिवस साडेसोळा तासांचा, डिसेंबरचा जेमतेम आठ, म्हणून यूलला, म्हणजे डिसेंबरच्या अयनदिनाच्या सणाला, उजेडाचं एवढं अप्रूप. ठाण्यात हा फरक सुमारे सव्वादोन तासांचा. आपल्याकडे वर्ष उलटतं ते पावसाने. म्हणून महिन्यातून एकदा ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जा, एकच झाड धरा. मी सावर धरली आहे. आधी सगळी पानं झडतात, मग फेब्रुवारीत जाडजूड लाल फुलं टपकन खाली येतात. एक तळहातावर घेऊन बघा, वजन जाणवतं.

बाकी थोडक्यात:
- जंगलात जाळ नको, पणतीसुद्धा नको. राष्ट्रीय उद्यान आहे, गवत वाळलेलं असतं. दिवा घरच्या गॅलरीत लावा.
- महागडं पूजासाहित्य मागवू नका.
- एकट्याने करू नका. २१ डिसेंबरला, यूलच्या दिवशी, शेजारच्या दोन घरांना बाजरीची भाकरी आणि तिळाच्या चटणीला बोलवा.
- येऊरच्या आदिवासी पाड्यावरच्या वाघबारशीला (वाघदेवाच्या पूजेचा सण) बोलावणं आलं तरच जा, आणि मोबाइल खिशात ठेवा.