प्रोफेशनल मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि खिशात मावणारा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा यांच्या फोटोत खरंच एवढा फरक पडतो का?

भर उन्हात काढलेला फोटो मोबाइलवर बघणार असाल, तर फारसा नाही. अंधार पडला की मात्र फरक लगेच दिसतो.

कारण सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतल्या चिपचा आकार. फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेसचा सेन्सर साधारण ३६ × २४ मिमी असतो. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये 'एक इंची' सेन्सर मिळतो, पण तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीच असतो (नावातला इंच कुठे मोजायचा, ते विचारू नका!). म्हणजे फुल-फ्रेमचं क्षेत्रफळ सातपटीहून जास्त. अॅपर्चरचा एफ-आकडा (लेन्सचं छिद्र तिच्या मानाने किती उघडं; आकडा लहान तितकं जास्त उघडं) आणि शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) तेच ठेवले तरी मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश तेवढ्या पटीने जास्त पडतो. म्हणून संध्याकाळी घरात पळणाऱ्या मुलांच्या फोटोत कॉम्पॅक्टवर दाणे उठतात. मागची पार्श्वभूमी धूसर करण्याचंही तेच. कॉम्पॅक्टवरचं एफ १.८ फुल-फ्रेमवरच्या जवळपास एफ ४.९ इतकीच धूसरता देतं.

शिवाय मिररलेसची लेन्स बदलता येते. पक्षी, खेळ, लग्नसमारंभ यांसाठी तोच घ्या.

पण वजन? सोनीचा आरएक्स १०० मार्क ७ जेमतेम ३०० ग्रॅमचा, आणि त्यात फुल-फ्रेमच्या हिशेबाने २४ ते २०० मिमी झूम (रुंद दृश्यापासून लांबच्या वस्तूपर्यंत). त्याच टप्प्याची लेन्स लावलेला फुल-फ्रेम किलोच्या वर जातो आणि मग बहुतेक वेळा कपाटातच राहतो. माझा राहतो.

फोटोचे पैसे घेणार नसाल, तर मी कॉम्पॅक्टच सुचवेन.